हॉलची किल्ली कोणाकडे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये गावाहून फोन आला. "तू कॉम्प्युटरवाला ना? शनिवारी लॅपटॉप घेऊन ये." वक्फ कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर मशीद, कब्रस्तान आणि त्यांच्या जमिनींची माहिती 'उमीद' पोर्टलवर भरायची होती आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुदत संपत होती. पोर्टल जूनमध्ये सुरू झाले होते. आमची जमात शेवटच्या पंधरवड्यात जागी झाली. गाव रायगड जिल्ह्यातलेच आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर पुढच्या जुम्याला उत्तरे मलाच द्यावी लागतील, आणि खरे तर नावाने काही फरकही पडत नाही. कोकणातल्या पाच-दहा जमातींचे हॉल पाहिले आहेत, सगळीकडे तोच निळा ऑइलपेंट आणि तेच कुलूप.

कागद हॉलच्या मागच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत होते. सातबाराचे उतारे, ट्रस्टच्या नोंदणीचा पिवळा पडलेला कागद, वर्गणीच्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती. या सगळ्याखाली एक लांबट वही निघाली. पोर्टलला तिचा काही उपयोग नव्हता, पण माझी दुपार तिच्यातच गेली. ते भांड्यांचे रजिस्टर होते. जमातीच्या मालकीची डेग, तपेली, थाळे, चटया, पेट्रोमॅक्स. कोणी, कधी, कशासाठी नेले आणि परत कधी आणले, याच्या १९८० च्या आसपासपासूनच्या नोंदी. निकाह, अकीका, चाळिसावा. आणि दर दोन-तीन पानांआड शेजारच्या पाड्यातले एखादे आगरी नाव: लग्न, साखरपुडा, बारसे, एका ठिकाणी 'सत्यनारायण'. समोर लिहिलेले, "भाडे घेतले नाही." एका नोंदीपुढे एका थाळ्याची खोट दाखवली आहे आणि दुसऱ्या शाईत, "माफ." १९९६ नंतर नोंदी विरळ होतात, आणि पुढे केटररचा जमाना आल्यावर वही कोरीच राहते.

मी सेक्रेटरींना विचारले, हे लोक आता हॉलमध्ये येतात का? ते म्हणाले, "कशाला येतील? त्यांचा त्यांना समाजमंदिर झालाय."

उत्तर चुकीचे नव्हते. आमदार फंडातून, खासदार फंडातून, अल्पसंख्याक विभागाच्या ग्रामीण क्षेत्र विकासाच्या अनुदानातून गेल्या पंचवीस वर्षांत गावोगाव छपरे उभी राहिली. प्रत्येक समाजाला आपापले छप्पर मिळाले. पूर्वी भांडी कमी होती म्हणून ती उसनी द्यावी-घ्यावी लागत. आता प्रत्येकाकडे सगळे आहे आणि कोणाला कोणाकडे जायची गरज उरलेली नाही. ही प्रगतीच आहे, असे म्हणायला मी तयार आहे. फक्त तिची किंमत कोणी मोजलेली नाही.

कोकणी मुसलमानांसाठी जमात म्हणजे नुसती मशिदीची कमिटी नव्हे. घरटी वर्गणी देणारे, जनाज्याला खांदा देणारे, भांडण मिटवणारे, वाळीत टाकणारेही (हे विसरू नये) असे ते गावाचे छोटेखानी सरकार होते. जहाजांवर खलाशी म्हणून जाणाऱ्या माणसांसाठी कोकणातल्या गावांच्या जमाती मुंबईत खोल्या घेऊन ठेवत. बोटीवरून उतरलेला माणूस तिथे पथारी टाकायचा, त्याची पत्रे तिथे यायची, गावाकडचा निरोप तिथेच मिळायचा. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांनी धोबीतलावाला 'कूड' चालवले, ते याच प्रकारचे. पुढे आखाताचा पैसा आला. कुवेत, दुबई, दम्मामहून आलेल्या ड्राफ्टांवर आमच्या गावांतल्या मशिदींना मिनार चढले आणि शेजारी हॉल झाले. घामाचा पैसा होता तो. वर्ष-दोन वर्षांनी एकदा घरी येणाऱ्या माणसांनी, आपल्यामागे गाव एका जागी बसलेले राहावे म्हणून दिलेला.

आता त्या हॉलचे वर्षभराचे काम काय? लग्नसराईत दावती. रमजानमध्ये एखादी इफ्तार. जमातीची सालाना बैठक, तीही हिशेबावरून तापली की अर्ध्यात उठणारी. बाकीचे दिवस कुलूप, आणि किल्ली सेक्रेटरींच्या घरी खुंटीला.

मी हे सगळे तळोजात बसून लिहितो आहे, आणि तळोजासारख्या ठिकाणी या कुलपाचा अर्थ आणखी वेगळा होतो.

बाहेरच्यांना तळोजा म्हणजे कारखाने आणि कारागृह. फादर स्टॅन स्वामींमुळे इथल्या तुरुंगाचे नाव देशभर गेले. पण तळोजे पाचनंद हे जुने गाव आहे. कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती, दिवा-पनवेल मार्गावरचे स्टेशन, भोवताली पेंधर, रोहिंजण, घोट, नावडे, तोंडरे अशी आगरी वस्तीची गावे आणि कासाडी नदी. मग १९७० मध्ये सिडको आली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. एका बाजूला एमआयडीसीच्या चिमण्या, दुसऱ्या बाजूला सिडकोचे फेज १ आणि फेज २. १७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली. माझ्यासारखे हजारो जण ईएमआयचा हिशेब जमला म्हणून इथे राहायला आले. आम्ही 'तळोजात' राहतो असे सांगतो, पण ज्या गावाचे नाव आमच्या पत्त्यात आहे त्या गावात आम्ही फार तर मटण घ्यायला जातो.

या सगळ्या बदलात एक गोष्ट फारशा गाजावाजाविना गेली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. गावे तिच्यात आली आणि ग्रामपंचायती संपल्या. ग्रामपंचायतीबरोबर ग्रामसभाही संपली. ग्रामसभा म्हणजे फार थोर काही असायचे असे नाही. कोरम नसायचा, वहीवर मागाहून सह्या व्हायच्या, आवाज चढायचे. पण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, मतदार यादीत नाव असलेला कोणीही माणूस उभा राहून विचारू शकत होता की पाण्याच्या टाकीचे काय झाले. उत्तर देणारा समोर बसलेला असायचा. महापालिकेत नगरसेवक असतो, प्रभाग कार्यालय असते, तक्रारीचे अ‍ॅप असते. पहिली निवडणूक मे २०१७ मध्ये झाली. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर नगरसेवकही उरले नाहीत, प्रशासकाचा कारभार आला. शहरांच्या कायद्यात क्षेत्रसभा नावाची तरतूद आहे, पण महाराष्ट्रातल्या शहरांत ती कागदाबाहेर क्वचितच आली आहे.

म्हणजे गाव शहरात आले आणि गावाची बसायची जागा गेली. उरले काय? देवळाचा सभामंडप, समाजमंदिर, आणि आपला जमातीचा हॉल.

आता कोणी म्हणेल, बसायला जागा कशाला हवी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे की. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर लिहितो, तेव्हा हे मीच बोललेले बरे. ग्रुपवर निरोप पोहोचतो, निर्णय होत नाही. तिथे जो जास्त वेळ मोकळा असतो त्याचा आवाज मोठा होतो. तिथे मालमत्ता कराच्या नोटिशीचा फोटो येतो, त्याखाली वीस रागावलेले चेहरे येतात, मग कोणीतरी जुम्याच्या मुबारकबादीचे चित्र टाकतो आणि नोटीस वर सरकून जाते. नोटीस घेऊन चार माणसे एका टेबलाभोवती बसली तर अर्ध्या तासात कळते की हरकत कुठे घ्यायची, मुदत किती आहे आणि कोणाचा पुतण्या वकील आहे.

तळोजाच्या गावांपुढचे आजचे प्रश्न पाहा: साडेबारा टक्क्यांची प्रलंबित प्रकरणे, गावठाणाबाहेर गरजेपोटी बांधलेली घरे नियमित होणे, थकीत मालमत्ता कर, रात्री खिडकी बंद करायला लावणारा कारखान्यांचा वास, कासाडीचे पाणी. यातला एकही प्रश्न मुसलमानांचा नाही आणि एकही आगऱ्यांचा नाही. कासाडीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले, कारण कोणीतरी नमुने गोळा केले, कागद जुळवले आणि चिकाटी धरली. असे काम कुठेतरी बसूनच होते. ते आपल्या हॉलमध्ये व्हावे असे आपल्याला का वाटत नाही?

आता हॉलमध्ये कोण येत नाही ते पाहू.

पहिल्या बायका. लग्नाच्या दिवशी त्या येतात, पडद्यामागच्या अर्ध्या भागात बसतात, जेवतात, जातात. जमातीच्या बैठकीला त्या नसतात. मशिदीत बायकांच्या प्रवेशाबद्दल पुण्याच्या एका जोडप्याने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा जानेवारी २०२० मध्ये खुद्द मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने शपथपत्रात सांगितले की बायकांना मशिदीत यायला इस्लाममध्ये मनाई नाही. हॉलबाबत तर तेवढाही मसला नाही. तो मशीद नाही, तिथे जमातीची नमाज होत नाही, तिथे बिर्याणी शिजते. तरी अलिखित नियम असा की हॉल पुरुषांचा. मस्जिद-ए-नबवी झाडणारी एक गरीब बाई दिसेनाशी झाली, तर रसूलुल्लाह (स.) यांनी तिची चौकशी केली आणि ती वारल्याचे आपल्याला कळवले का नाही, असे लोकांना विचारले. त्यांच्या मशिदीत एक झाडणारी बाईसुद्धा गैरहजर असली तर लक्षात यायची. आपल्या हॉलमध्ये गावातल्या निम्म्या माणसांची गैरहजेरी कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरे भाडेकरू. एमआयडीसीत काम करणारी उत्तर प्रदेश, बिहार, बंगालची मुले, मराठवाड्यातून आलेली कुटुंबे. जुम्याला मागच्या सफा त्यांनीच भरतात. चंद्याची पेटी त्यांच्यापुढूनही फिरते. पण ते 'जमातीतले' नाहीत. त्यांच्यातला एखादा अपघातात गेला तर मय्यत गावाला पाठवायची धावपळ खोलीतली चार पोरे करतात आणि जमातीला दुसऱ्या दिवशी कळते. मूळ गावकऱ्यांची भीती मला समजते. जमीन गेली, नदी गेली, ग्रामपंचायत गेली. आता जमातही बाहेरच्यांच्या हाती गेली तर आपले उरले काय? ती भीती खोटी नाही. पण मालकीचे मत कोणाला, आणि टेबलाशी खुर्ची कोणाला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रस्टींची निवडणूक घटनेप्रमाणेच होऊ दे. खुर्ची देण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

तिसऱ्यांचा विचार आपण कधी केलेलाच नाही. तळोजा कारागृहात मुलाकातीसाठी दूरदूरच्या गावांहून आया आणि बायका येतात. रात्रभर प्रवास, कडेवर मूल, हातात कपड्यांची पिशवी. मुलाकातीसाठी आता ऑनलाइन नोंदणी आहे, ई-मुलाकात आहे. त्या बाईच्या हातातल्या फोनवर ओटीपी आला तरी तो कुठे भरायचा ते तिला माहीत नसते. आत असलेल्यांपैकी बहुतेकांवर अजून गुन्हा सिद्धही झालेला नसतो. या बाईला दोन तास टेकायला, मुलाला दूध पाजायला, हातपाय धुवायला जागा आणि फॉर्म भरून देणारा एक माणूस मिळाला तर? ती कोणत्या धर्माची आहे हे विचारायचेही कारण नाही. मुसाफिराचा हक्क आपल्याला मदरशात शिकवला गेला. आपल्या पत्त्यात ज्या गावाचे नाव आहे, तिथे हे मुसाफिर रोज येतात.

हरकती काय असतील, त्या मला पाठ आहेत, कारण आमच्या गावच्या बैठकीत मी त्या सगळ्या ऐकल्या. "राजकारण शिरेल." शिरेल, आजही आहे, फक्त बंद दाराआड आहे. "पोरे कॅरम खेळत बसतील." बसू द्या, नाक्यावर बसण्यापेक्षा बरे. "पोलीस विचारतील काय चालले आहे." हा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आजच्या काळात तर नाहीच. त्यावर मला एकच उत्तर सुचते: दार उघडे ठेवा, वेळ फलकावर लिहा, आणि शेजाऱ्यांना आत बसवा. भिवंडीत १९८४ मध्ये मोठी दंगल झाली होती. १९८८ पासून तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या, हिंदू-मुसलमान दोघांच्या. तणाव नसतानाही त्या बसत. गटार, नळ, शेजाऱ्यांची भांडणे असल्या किरकोळ गोष्टींवर बसत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी त्यावर मराठीत पुस्तकही लिहिले आहे. आपल्याकडे शांतता समितीची बैठक होते ती ईद आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात, चौकीत, चहा-बिस्किटांवर. तोवर एकमेकांचे फोन नंबरही कोणाकडे नसतात.

पैशाची हरकत सगळ्यात खरी. लग्नाच्या भाड्यातून इमामसाहेबांचा आणि मुअज्जिनचा पगार निघतो, विजेचे बिल निघते. रोज दार उघडले तर दिवे-पंखे जळतील, झाडणारा लागेल, भाड्याची तारीख जाईल. म्हणून मी रोज म्हणतच नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी, लग्नाची तारीख नसेल तेव्हा, दोन ट्यूबलाइट आणि एक टेबल. या खर्चाला वर्गणीत वेगळी रक्कम लावावी, ती आपल्यासारख्या नोकरदारांनी भरावी. आपण ओटीटीवर महिन्याला जे घालवतो त्याहून ती जास्त होणार नाही.

आपल्याला हे जमत नाही असे कोणी म्हणू नये. २०२० मध्ये इचलकरंजीच्या मुसलमानांनी ईदच्या खर्चातून आणि जकातीतून ३६ लाख रुपये जमवून इंदिरा गांधी रुग्णालयाला १० खाटांचा अतिदक्षता विभाग दिला. भिवंडीत शांतीनगरच्या मक्का मशिदीत कोविड रुग्णांसाठी मोफत ऑक्सिजनची सोय झाली, सगळ्या धर्मांच्या लोकांसाठी. पुण्यात आझम कॅम्पसने मशिदीची जागा विलगीकरणासाठी देऊ केली. संकटात आपण दार उघडतो, आणि त्या बातम्या अभिमानाने फॉरवर्ड करतो. बिनासंकटाच्या मंगळवारी तेच दार उघडायला काय हरकत आहे, एवढेच मी विचारतो आहे.

आमच्या गावात जानेवारीपासून रविवारी दहा ते बारा हॉल उघडतो. किल्ली सेक्रेटरींनी नाखुशीने दिली, पावती लिहून घेतली. पहिल्या रविवारी आम्ही तीन पोरे आणि एक चाचा होतो. चाचांना पेन्शनसाठी हयातीचा दाखला फोनवर करून हवा होता, बोटाचा ठसा काही केल्या उमटेना. दुसऱ्या रविवारी पाऊण तास कोणीच नाही. मग शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन बारावीतली एक मुलगी आली, दारात थांबली आणि विचारले, "आत आले तर चालेल ना?" तिच्याबरोबर आई होती. आईने जाताना खुर्च्या मोजल्या आणि म्हणाली, रविवारी बायकांना सवड नसते, स्वयंपाक असतो. बुधवारी दुपारी ठेवा. चौथ्या रविवारी शेजारच्या पाड्यातला एक गृहस्थ आला. त्याला सातबारावरच्या नोंदीबद्दल विचारायचे होते. काम झाल्यावर मी त्याला ती वही दाखवली. त्याने त्याच्या आजोबांचे नाव शोधले, १९८३ चे, बारा थाळे आणि दोन डेग, आणि फोनमध्ये त्या पानाचा फोटो काढून घेतला.

पुढच्या महिन्यात जमातीची सालाना बैठक आहे. विषयपत्रिकेवर हॉलचे भाडे वाढवणे, कब्रस्तानाची भिंत आणि मागच्या वर्षीचा हिशेब आहे. बुधवारची वेळ बायकांसाठी ठेवावी आणि भाडेकरूंना बैठकीत बसू द्यावे, असे दोन विषय आम्ही लेखी दिले आहेत. सेक्रेटरींनी कागद घेतला आहे. ते विषय अजून पत्रिकेवर आलेले नाहीत.